खूण कोणाची, हद्द कुठपर्यंत? : इंटरनेटच्या मार्गांवरील 'कम्युनिटी'चा इतिहास



आजच्या विषयात 'कम्युनिटी' हा शब्द आहे आणि आपण बसलो आहोत वसईत, म्हणून आधीच खुलासा करून टाकतो. आपल्याकडे कम्युनिटी म्हटलं की कुपारी, वाडवळ, कोळी, आगरी, भंडारी, ईस्ट इंडियन ही नावं डोळ्यांपुढे येतात. आज त्या कम्युनिटीबद्दल मी बोलणार नाही. इंटरनेटवरचे मार्ग ठरवणारी जी यंत्रं असतात, ज्यांना राउटर म्हणतात, त्यांच्या भाषेत 'कम्युनिटी' नावाची एक खूण आहे. मार्गाच्या माहितीला चिकटवलेला एक आकडा. तो आकडा कुठून आला, कशासाठी आला, त्याचा अर्थ कोण ठरवतं आणि तो अर्थ कुठे संपतो, हे आज बघायचं आहे.

तत्त्वज्ञानाच्या मास्तराने या यंत्रांच्या भानगडीत कशाला पडावं, असं कोणाच्या मनात आलं असेल. शब्दाला अर्थ कुठून येतो, हा प्रश्न मी आयुष्यभर वर्गात शिकवला. तोच प्रश्न तुमच्या घरात येणाऱ्या इंटरनेटच्या तारेमागे रोज उभा असतो. तिथे उत्तर चुकलं तर परीक्षेत गुण जात नाहीत, एखाद्या गावाचं इंटरनेट जातं. म्हणून मला त्यात रस.

माझं म्हणणं सुरुवातीलाच दोन वाक्यांत सांगतो. खुणेचा अर्थ ती पाळायचं कबूल केलेल्यांच्या करारात असतो. पण खूण स्वतः त्या करारापेक्षा लांब जाते. बाकी सगळा इतिहास या दोन वाक्यांमधल्या अंतराचा आहे.

मार्गाची दवंडी

इंटरनेट म्हणजे हजारो स्वतंत्र जाळ्यांची जोडणी. मोठी दूरसंचार कंपनी हे एक जाळं, एखादं विद्यापीठ हे एक जाळं, आणि आपल्या नालासोपाऱ्यात किंवा वसई रोडला घराघरांत फायबर टाकणारा स्थानिक पुरवठादार, त्याचंही एक छोटं जाळं असू शकतं. अशा प्रत्येक स्वतंत्र कारभाराच्या जाळ्याला एक क्रमांक मिळतो. त्याला ऑटोनॉमस सिस्टिमचा, म्हणजे एएसचा क्रमांक म्हणतात. उदाहरणार्थ ४७५५ हा आपल्या जुन्या विदेश संचार निगमचा, व्हीएसएनएलचा क्रमांक. कंपनी टाटांकडे गेली, नाव बदललं, क्रमांक राहिला.

ही जाळी एकमेकांना काय सांगतात? "अमुक अमुक पत्त्यांकडे जायचं असेल तर माझ्याकडून रस्ता आहे." ही एक दवंडीच. शेजारच्या जाळ्याने ती ऐकली की ते तिच्यात आपला क्रमांक जोडतं आणि पुढच्या गावात पिटतं. पुढचं गाव आणखी पुढे. दवंडी ज्या दिशेला जाते, तिच्या उलट दिशेने माल येतो. मी बाहेर दवंडी पिटली म्हणजे बाहेरची वाहतूक माझ्याकडे येते. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या दवंडीची भाषा म्हणजे बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल, बीजीपी. १९८९ च्या जानेवारीत अमेरिकेत टेक्ससमधल्या ऑस्टिन शहरात तंत्रज्ञांची एक बैठक होती. तिथे जेवणाच्या वेळी सिस्कोचे कर्क लॉहीड आणि आयबीएमचे याकोव्ह रेक्टर यांनी या भाषेचा आराखडा कागदी नॅपकिनांवर मांडला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये त्याचा पहिला अधिकृत मसुदा निघाला. तात्पुरती सोय म्हणून केलेली ती भाषा सुधारत सुधारत आजही जगभर चालू आहे.

आता अडचण बघा. एकाच ठिकाणी जायला दोन-तीन रस्ते असतील तर राउटर कोणता निवडतो? जवळचा निवडेल असं आपल्याला वाटतं. पण रस्त्यामागे पैसा असतो. एक रस्ता विकतचा, दुसरा बरोबरीच्या नात्याने फुकट मिळालेला, तिसरा आपत्काळासाठी राखून ठेवलेला. जाळ्याच्या चालकाला हे माहीत असतं, पण दवंडीच्या मूळ भाषेत हे सांगायला शब्दच नव्हता.

कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड

तुमच्यापैकी जे साठीच्या पुढचे आहेत त्यांना आठवेल. घरात कोणी गेलं की नातेवाइकांना जे पोस्टकार्ड जायचं त्याचा एक कोपरा फाडलेला असायचा. लग्नाच्या पत्रिकेला हळदकुंकवाची बोटं लागायची. पत्ता वेगळा, मजकूर वेगळा आणि ही खूण वेगळी. पोस्टाच्या नियमांत या खुणेला काही अर्थ नव्हता. टपालखातं ती वाचत नव्हतं, पुसतही नव्हतं. जशी आली तशी पुढे जायची. घरात मात्र कार्ड हातात पडताच, अक्षर वाचायच्या आधी, म्हातारी माणसं मटकन खाली बसायची.

कम्युनिटी ही तशीच खूण आहे. पत्ता वेगळा, मार्ग वेगळा आणि त्याला चिकटलेला हा आकडा वेगळा. मधल्या एखाद्या राउटरला तिचा अर्थ कळला नाही तरी त्याने ती टाकून द्यायची नाही, पुढे न्यायची, असा गुण तिला मुद्दाम दिलेला आहे. आणि ती माझ्या-तुमच्या संदेशावर बसत नाही, मार्गाच्या दवंडीवर बसते. डब्यावरच्या खुणेवरून डबेवाला डबा कोणत्या इमारतीत न्यायचा ते ओळखतो. ती खूण पत्त्याचं काम करते. कम्युनिटी पत्ता सांगत नाही. "या दवंडीला अमुक प्रकारे वागवा" असं ती सांगते.

१९९५ : मालक गेला, गाव मोठं झालं

ही खूण नेमकी तेव्हाच का निघाली? तोपर्यंत अमेरिकेतल्या इंटरनेटला एक कणा होता, सरकारी पैशाने चालणारा, एनएसएफनेट नावाचा. कोणाचा मार्ग कुठून घ्यायचा याची नोंद मध्यवर्ती वहीत व्हायची, आणि ती वही मेरिट नावाची संस्था ठेवायची. म्हणजे गावाला एक पाटील होता आणि पाटलाकडे दप्तर होतं. ३० एप्रिल १९९५ ला तो कणा बंद झाला. त्याच्या जागी अनेक खासगी कंपन्या आल्या. पाटील गेला, दप्तर एका हाती राहिलं नाही, आणि गाव झपाट्याने वाढू लागलं.

त्याच वर्षी १५ ऑगस्टला व्हीएसएनएलने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. एनएसएफनेटच्या काळात शिक्षणसंस्थांना इंटरनेट होतं, पण पैसे भरून कोणालाही जोडणी, हे तेव्हापासून. म्हणजे भारतातला सामान्य ग्राहक इंटरनेटवर आला तोच मुळी मध्यवर्ती कारभार संपल्यानंतरच्या गावात.

आता ग्राहक म्हणून जोडलेल्या एखाद्या छोट्या जाळ्याची कल्पना करा. त्याने दोन मोठ्या कंपन्यांकडून जोडणी घेतली आहे. एक मुख्य, एक राखीव. राखीव रस्त्यावरून एरवी वाहतूक येऊ नये, मुख्य तुटला तरच यावी, असं त्याला वाटतं. पण हे वरच्या कंपनीला सांगायचं कसं? फोन करायचा, पत्र पाठवायचं. तिथला अभियंता हाताने आपल्या राउटरवर बदल करणार. असे शेकडो ग्राहक, प्रत्येकाचे डझनभर पत्ते. चुका व्हायच्या, उशीर व्हायचा. आणि ग्राहकाचा मार्ग ग्राहकाच्या हातात राहायचाच नाही.

१९९६ च्या ऑगस्टमध्ये यावर उपाय निघाला. रवी चंद्रा, पॉल ट्रेना आणि टोनी ली यांचा जेमतेम पाच पानांचा मसुदा, क्रमांक १९९७. त्याच महिन्यात लगेच पुढच्या क्रमांकाचा, १९९८ चा मसुदा आला, एन्के चेन आणि टोनी बेट्स यांचा. पहिल्याने खूण दिली, दुसऱ्याने ती वापरायची कशी ते दाखवलं.

खूण म्हणजे ३२ बिटांचा आकडा. त्याचे दोन भाग. पहिल्या सोळा बिटांत जाळ्याचा क्रमांक, दुसऱ्या सोळांत त्या जाळ्याने ठरवलेला आकडा. मध्ये विसर्गासारखे दोन टिंब. दुसऱ्या मसुद्यातलं उदाहरण एमसीआय या कंपनीचं होतं, क्रमांक ३५६१. ग्राहकाने आपल्या दवंडीला ३५६१:७० ही खूण लावली की एमसीआयचे राउटर त्या मार्गाची पसंती ७० धरायचे. ८० लावली तर ८०, ९० लावली तर ९०. साध्या ग्राहकाच्या मार्गाला १०० पसंती. जास्त आकडा म्हणजे जास्त पसंती. म्हणजे ७० चा अर्थ असा, की "इतर सगळे रस्ते बंद पडले तरच मला माझ्या या दारातून गाठा."

यात तंत्र फार थोडं आहे, अधिकाराची वाटणी मोठी आहे. काल ज्याला फोन करून विनवणी करावी लागत होती, तो आज स्वतःच्या राउटरवर बसून वरच्याचा निर्णय बदलू शकतो. वरच्याने आधी जाहीर केलेल्या चौकटीत, पण न विचारता. छोट्याला बोलायला शब्द मिळाला.

खुणेला अर्थ कोण देतं?

आता मी थोडा माझ्या घरच्या विषयाकडे वळतो. ३५६१:७० या आकड्यात "शेवटचा पर्याय" असं काय आहे? काही नाही. एमसीआयने ७७ ठरवलं असतं तर ७७ झालं असतं.

आपल्याकडे शब्दार्थाच्या संबंधावर फार जुना वाद आहे. मीमांसक म्हणतात, शब्द आणि अर्थ यांचं नातं नित्य आहे, कोणी बांधलेलं नाही. नैयायिक म्हणतात, नाही, ते संकेताने बांधलेलं आहे. अमुक शब्दाने अमुक अर्थ समजावा, अशी इच्छा. कोणाची इच्छा? जुन्या नैयायिकांच्या मते ईश्वराची. नव्यांनी पुढे म्हटलं की माणसाची इच्छाही चालेल. शास्त्रकाराने आपल्या शास्त्रापुरता जो संकेत ठरवला, त्याला परिभाषा म्हणतात. पाणिनीच्या व्याकरणात 'नदी' ही एक संज्ञा आहे. तिथे तिचा वैतरणेशी किंवा तानसाशी काही संबंध नाही. ई आणि ऊ या स्वरांनी संपणारे विशिष्ट स्त्रीलिंगी शब्द म्हणजे नदी. व्याकरणाच्या आत हा अर्थ पक्का. व्याकरणाच्या दाराबाहेर पाऊल टाकलं की नदी पुन्हा पाण्याची.

कम्युनिटीच्या मसुद्यात हे दोन्ही थर दिसतात. काही आकडे सगळ्या जगासाठी राखून ठेवले. ६५५३५:६५२८१ म्हणजे "ही दवंडी तुझ्या जाळ्याबाहेर नेऊ नकोस." हे जवळजवळ ईश्वरसंकेतासारखं, सर्वांना सारखं लागू. उरलेले सगळे आकडे प्रत्येक जाळ्याच्या स्वतःच्या परिभाषेला मोकळे. ३५६१ ने सुरू होणाऱ्या खुणांचा अर्थ ३५६१ वाले ठरवणार. जगाने मोजके शब्द सामाईक ठेवले आणि बाकी कोश ज्याचा त्याला लिहू दिला.

वसईचा करार आणि कार्ताझ

मार्गावरच्या खुणेची आणि तिच्या हद्दीची ही गोष्ट वसईला अगदी नवी नाही. १५३४ च्या डिसेंबरात गुजरातचा सुलतान बहादूरशहा आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला आणि वसई पोर्तुगिजांकडे गेली. त्या तहातलं एक कलम असं होतं की तांबड्या समुद्राकडे जाणारी गुजरातची जहाजं वसईहून निघावीत, परत येऊन वसईला जकात भरावी, आणि पोर्तुगिजांच्या परवान्याशिवाय कोणी समुद्रात जाऊ नये. या परवान्याला कार्ताझ म्हणत. त्यावर जहाजाचं, तांडेलाचं वर्णन, माल, शस्त्रं, कुठून कुठे जाणार, असं सगळं लिहिलेलं. कार्ताझ जवळ असेल तर पोर्तुगीज गलबतं जहाजाला सोडायची, नसेल तर जप्त.

पुढे कान्होजी आंग्र्यांनी आपली दस्तकं काढली. कोकणच्या किनाऱ्यावर व्यापार करायचा तर सरखेलांचं दस्तक घ्या. मुंबईच्या इंग्रजांनी ते मानायला नकार दिला आणि त्यावरून वर्षानुवर्षं झगडे झाले. म्हणजे एकाच समुद्रात दोन-तीन परिभाषा. पोर्तुगिजांचा कार्ताझ आंग्र्यांच्या गलबतापुढे नुसता कागद, आणि आंग्र्यांचं दस्तक इंग्रजांपुढे नुसता कागद. कागद मात्र जहाजाबरोबर सगळीकडे जात होता.

साम्य इथेच थांबवतो, कारण फरक महत्त्वाचा आहे. कार्ताझ तोफेच्या जोरावर लादलेला होता. नाही घेतला तर जहाज बुडवू. कम्युनिटी कोणी कोणावर लादत नाही. वरचा पुरवठादार आपला कोश जाहीर करतो, ग्राहक त्यातली खूण वापरतो, आणि दोघांमध्ये व्यवहाराचं नातं असतं. तिच्यामागे तोफ नाही, म्हणूनच तिच्यामागे विश्वास लागतो. मग तो विश्वास राउटरवर कसा बसवतात, ते बघू.

राउटरवर खूण बसवणं

हे काम तीन पायऱ्यांचं आहे. समजा आपल्या जाळ्याचा क्रमांक ६४५०० आहे. हा क्रमांक उदाहरणांसाठीच राखून ठेवलेला आहे, कोणाचा खरा नाही.

पहिली पायरी, कोश लिहिणं. ६४५००:१०० म्हणजे ग्राहकाकडून आलेला मार्ग, ६४५००:२०० म्हणजे बरोबरीच्या शेजाऱ्याकडून आलेला, ६४५००:३०० म्हणजे विकत घेतलेला. हे आधी कागदावर. बरेच जण हीच पायरी गाळतात, आणि मग वर्षभराने नवीन माणूस येतो तेव्हा २०० म्हणजे काय हे सांगायला कोणी नसतं.

दुसरी पायरी, मार्ग आत येताना दारातच खूण लावणं. सिस्कोच्या पद्धतीत याला राउट-मॅप म्हणतात. अटी आणि कृती यांची यादी. अमुक दारातून आलास, तर अमुक खूण. इथे एक खाच आहे. 'सेट कम्युनिटी' असं नुसतं लिहिलं तर मार्गावर आधी असलेल्या खुणा पुसल्या जातात आणि नवी बसते. जुन्या ठेवून नवी जोडायची असेल तर शेवटी 'अ‍ॅडिटिव्ह' हा शब्द लिहावा लागतो. एका शब्दाच्या विसरण्याने ग्राहकाने लावलेली विनंती पुसली जाते, आणि त्याला पत्ताही लागत नाही.

तिसरी पायरी, दवंडी बाहेर जाताना खूण वाचून निर्णय घेणं. ज्यावर १०० आहे ते मार्ग सगळ्यांना सांग. २०० आणि ३०० वाले फक्त ग्राहकांना सांग. का? कारण एका पुरवठादाराचा रस्ता दुसऱ्या पुरवठादाराला सांगितला तर दोन हत्तींची वाहतूक आपल्या गल्लीतून जायला लागेल. ही फार खरी भीती आहे, छोटी जाळी अशाने बसलेली आहेत.

आणि एक मौज बघा. खूण लावली म्हणून ती शेजाऱ्याकडे जाईलच असं नाही. सिस्कोच्या प्रचलित प्रणालीत शेजाऱ्यामागे 'सेंड-कम्युनिटी' असं वेगळं लिहिलं नाही तर खुणा बाहेर जातच नाहीत. ज्युनिपरच्या यंत्रात त्या आपोआप जातात. एका घराण्यात न बोलणं ही रीत, दुसऱ्यात बोलणं ही. इतकंच काय, 'सेट' म्हटल्यावर त्या जागतिक राखीव खुणा पुसायच्या की ठेवायच्या, यावरही वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं वेगवेगळी वागतात. ही तफावत नोंदवणारा स्वतंत्र मसुदा २०१९ साली काढावा लागला. ईश्वरसंकेतसुद्धा शेवटी ज्याच्या त्याच्या यंत्रातून बोलतो.

मुंबईचा चौक आणि नव्यांची अडचण

आता आपल्या मुलखात येऊ. सुरुवातीच्या वर्षांत एका भारतीय पुरवठादाराच्या ग्राहकाने दुसऱ्या भारतीय पुरवठादाराच्या ग्राहकाला काही पाठवलं तर ते पुष्कळदा परदेशाला वळसा घालून यायचं. वसईचा निरोप अंधेरीला जायला समुद्रापार. वळशाचे पैसे डॉलरमध्ये. म्हणून २००३ साली नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, निक्सी, ही संस्था निघाली आणि मुंबईसह काही शहरांत सामाईक चौक उभे राहिले. निक्सीचा एक नियम होता की त्या चौकात जोडलेल्याने निदान आपल्या त्या प्रदेशातले मार्ग तरी तिथे सांगितलेच पाहिजेत. मग प्रश्न आला, कोणता मार्ग मुंबई प्रदेशातला आणि कोणता चेन्नईचा हे राउटरने ओळखायचं कसं? देशभर पसरलेल्या जाळ्यात पत्त्यांची लांबलचक यादी हाताने सांभाळण्यापेक्षा, मार्ग जिथे जन्मतो तिथेच त्याला प्रदेशाची खूण लावणं सोयीचं. असल्या कामाला कम्युनिटीच उपयोगी पडते.

पण इथेच नव्यांची एक गोची झाली. खुणेत जाळ्याच्या क्रमांकाला जागा सोळा बिटांची. सोळा बिटांत ६५,५३६ पेक्षा जास्त क्रमांक मावत नाहीत. जग वाढलं, ते क्रमांक संपत आले, आणि नव्या जाळ्यांना बत्तीस बिटांचे मोठे क्रमांक मिळू लागले. आपल्या पट्ट्यातले बरेच छोटे पुरवठादार गेल्या दहा-पंधरा वर्षांत उभे राहिलेले. असा मोठा क्रमांक आला की तो त्या जुन्या खुणेच्या पहिल्या भागात बसेना. म्हणजे जुन्या घराण्यांना स्वतःच्या नावाने कोश लिहिता येत होता, आणि नव्याला आपल्या नावाची खूणच काढता येत नव्हती. उसन्या, खासगी क्रमांकांवर भागवायचं. जो शब्द छोट्याला बोलता यावं म्हणून काढला, त्याच शब्दात नवा छोटा मावेनासा झाला.

यावर २०१७ च्या फेब्रुवारीत 'लार्ज कम्युनिटी' आली. बत्तीस-बत्तीस बिटांचे तीन भाग. पहिल्यात जाळ्याचा पूर्ण क्रमांक, बाकीचे दोन कृतीसाठी आणि तपशिलासाठी. तिच्या जन्माची गोष्ट सांगण्यासारखी आहे. बीजीपीत प्रत्येक गुणधर्माला एक ओळखक्रमांक लागतो, आणि तो एका मध्यवर्ती नोंदवहीतून मिळतो. या नव्या खुणेला आधी ३० हा क्रमांक मिळाला. २०१६ मध्ये चाचणीसाठी तो वापरून दवंडी सोडली, तर काही ठिकाणचे राउटर ती स्वीकारेनात. शोध घेतल्यावर कळलं, कोणीतरी न विचारता, नोंदवहीत न लिहिता, हा ३० क्रमांक आपल्या यंत्रात आधीच दुसऱ्या अर्थाने वापरून ठेवला होता. सातबाऱ्यावर नाव नाही आणि जागेवर घर बांधून मोकळा. हे वसई-विरारकरांना मी समजावून सांगायला नको! शेवटी नव्या खुणेने ती जागा सोडली आणि ३२ क्रमांक घेतला. परवाच्या घुसखोराशी भांडण्यापेक्षा चालू व्यवहार मोडू न देणं त्यांना शहाणपणाचं वाटलं.

हद्द ओलांडली की

२४ फेब्रुवारी २००८. पाकिस्तानात यूट्यूब बंद करायचा सरकारी आदेश होता. पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबच्या काही पत्त्यांचा मार्ग स्वतःकडे आहे अशी दवंडी काढली, म्हणजे देशातली वाहतूक तिकडे वळून खड्ड्यात जाईल. ती दवंडी घराबाहेर गेली. हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या वरच्या कंपनीने ती न तपासता जगाला सांगितली. यूट्यूबच्या स्वतःच्या दवंडीपेक्षा ही जास्त नेमक्या पत्त्याची होती, आणि बीजीपीत नेमका पत्ता जिंकतो. सुमारे दोन तास जगातल्या मोठ्या भागातून यूट्यूब गायब. "ही दवंडी तुझ्या जाळ्याबाहेर नेऊ नकोस" ही खूण बारा वर्षं उपलब्ध होती. पण ती लावणारा हात आणि तपासणारा डोळा, दोन्ही लागतात.

दुसरं उदाहरण जवळचं. २०१६ च्या जुलैत मुंबई परिसरातल्या इंटरनेट पुरवठादारांवर खोट्या वाहतुकीचा पूर सोडून हल्ला झाला आणि पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. असा पूर आला की छोट्या पुरवठादाराची सगळी तार भरून जाते, एका पत्त्यावरच्या हल्ल्यात हजारो घरं बुडतात. यावर 'ब्लॅकहोल' नावाची खूण आहे. हल्ला होणाऱ्या त्या एकाच पत्त्याची दवंडी ही खूण लावून वरच्या पुरवठादाराकडे पाठवायची. तो त्या पत्त्याकडे जाणारं सगळं वरच फेकून देतो. तो पत्ता बुडतो, गाव वाचतं. प्रत्येकाचा आकडा वेगवेगळा होता. २०१६ च्या ऑक्टोबरात ६५५३५:६६६ हा सगळ्यांसाठी एक ठरला. त्याच मसुद्यात दोन पथ्यं सांगितली आहेत. ही दवंडी पुढे जाऊ देऊ नका, आणि सांगणाऱ्याचा त्या पत्त्यावर अधिकार आहे का ते आधी बघा. कारण हीच खूण दुसऱ्याच्या पत्त्यावर लावली तर तीच शस्त्र होते.

२०१८ साली काही संशोधकांनी मोजून दाखवलं की मधल्या वाहतूकदार जाळ्यांपैकी सुमारे १४ टक्के जाळी आपल्याकडे आलेल्या परक्या खुणा तशाच पुढे सोडतात. टक्का छोटा दिसतो, पण जाळी एकमेकांत इतकी गुंतलेली आहेत की खुणा कुठल्या कुठे पोचतात. खुणेवर सही नसते, शिक्का नसतो. ती कोणी लावली हे तिच्याकडे बघून कळत नाही.

म्हणून शहाण्या चालकाची रीत अशी असते. माझ्या क्रमांकाने सुरू होणारी खूण बाहेरच्याकडून आली, तर ज्याला मी ती वापरायची मुभा दिली आहे त्याचीच स्वीकारायची, इतरांची दारात पुसायची. माझी घरगुती खूण बाहेर जाऊ द्यायची नाही. दुसऱ्याची, मला न कळणारी खूण उगाच पुसायचीही नाही, कारण ती त्या कोपरा फाडलेल्या कार्डासारखी पुढे कोणाच्या तरी वाटेची असू शकते. आणि आपला कोश लिहून, जाहीर करून ठेवायचा. नोंद नसलेला संकेत म्हणजे एका माणसाची आठवण. तो माणूस नोकरी सोडून गेला की अर्थही त्याच्याबरोबर जातो.

माझं मुख्य व्याख्यान इथे संपलं. दोन प्रश्न चिठ्ठीवर आले आहेत, ते घेतो.

प्रश्न : सगळ्या खुणांची एकच यादी सरकारने किंवा एखाद्या जागतिक संस्थेने सक्तीची का करू नये?

उत्तर : काही खुणा सामाईक असाव्यातच, आणि त्या आहेत. ब्लॅकहोलचा आकडा एक झाल्याने फायदाच झाला. पण प्रत्येक जाळ्याचा व्यवहार वेगळा, शेजारी वेगळे, दर वेगळे. सगळ्यांवर एक कोश लादला तर पुन्हा ते मध्यवर्ती दप्तर आलं, आणि ते ज्याच्या हातात त्याचं राज्य. मूळ मसुद्याने जो तोल साधला, थोडं सामाईक, पुष्कळ स्वायत्त, तो मला अजूनही योग्य वाटतो. मात्र स्वायत्ततेबरोबर कोश जाहीर करण्याची जबाबदारी यायला हवी.

प्रश्न : आम्ही साधे ग्राहक. आम्हाला याचं काय?

उत्तर : तुमच्या इमारतीत ज्याची तार आली आहे त्याला तीन गोष्टी विचारा. तुमच्याकडे वरचे पुरवठादार किती? मुंबईच्या चौकात तुम्ही थेट जोडलेले आहात का? आणि हल्ला झाला तर ब्लॅकहोलची खूण वरचा मानतो का, हे तुम्ही कधी करून बघितलंय का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बहुतेक जण देतील. तिसऱ्याला जो "हो, करून बघितलंय" म्हणेल, त्याच्याकडची जोडणी ठेवा. कारण करार कागदावर असतोच. तो पाळला जातो की नाही, हे पूर यायच्या आधी तपासून ठेवणारा माणूस आपल्याला हवा आहे.